मागे पडणाऱ्यासाठीच ती बोट असते

निफाड तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते बरेच मोठे असल्यामुळे त्यातील मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"माझे वय 59 आणि यजमानांचे 63. आमची द्राक्षबाग आहे. लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून नेदरलँड्समधील मुलगी आणि जावई यांनी आम्हा दोघांना फ्रान्समधील बरगंडी भागातील एका आठवड्याची सहल देऊ केली आहे. राहणे आणि जेवण कालव्यातील बार्जवर, दिवसा सायकलने द्राक्षमळे पाहायचे. मार्ग शालों-सुर-सोन ते सांतने आणि पुढे थोडा. यजमान रोज पहाटे वीस-पंचवीस किलोमीटर सायकल चालवतात, त्यांना हरखून गेल्यासारखे झाले आहे. मी मात्र शेवटची सायकल कॉलेजात चालवली, उजवा गुडघा कुरकुरतो, पाण्याची मला लहानपणापासून भीती आहे, आम्ही शाकाहारी आहोत आणि मी वाइन घेत नाही. नणंदबाई म्हणाल्या, 'प्यायची नाही, तर तिकडे काय माती बघायला जायचे?' माझ्यामुळे सगळ्यांचा विरस होईल असे वाटते. यजमानांना सप्टेंबरमध्ये तिथली तोडणी पाहायची आहे. त्यांना एकट्यालाच पाठवू का?"

सप्रेम नमस्कार.

एकट्यांना पाठवू नका. आपल्या मनात बहुधा सायकल-सहलीचे चित्र आहे आणि त्या चित्रात आपण सर्वांत शेवटी, धापा टाकत, मागे पडलेल्या दिसत आहात. साध्या सायकल-सहलीत ही भीती रास्त असते, कारण सामान पुढच्या गावच्या हॉटेलात गेलेले असते आणि गुडघा दुखो वा पाऊस येवो, संध्याकाळपर्यंत तिथे पोहोचणे भागच असते. बार्जवरच्या सहलीत मात्र हॉटेलच आपल्या शेजारून चाललेले असते, आणि तेही आपल्यापेक्षा सावकाश. अशा कालव्यांवर बोटींना साधारणपणे ताशी सहा किलोमीटरची मर्यादा असते, म्हणजे आपण अगदी रमतगमत पेडल मारले तरी बोटीच्या पुढेच असाल. रोज सकाळी न्याहारीच्या वेळी आपण ठरवायचे की आज सायकल, अर्धा दिवस सायकल, की डेकवर खुर्ची टाकून बसणे. तिन्ही पर्याय मुलगी देऊ करत असलेल्या सहलीतच आले.

आपला मार्ग ज्या कालव्यावर आहे त्याला फ्रेंचमध्ये 'कानाल द्यु सांत्र', म्हणजे मध्यवर्ती कालवा, म्हणतात. त्याची लांबी 112 किलोमीटर असून तो सोन नदीकाठच्या शालोंहून निघतो आणि लुआर नदीजवळच्या दिग्वाँला जातो. एमिलां गोते या अभियंत्याने 1783 साली त्याचे काम सुरू केले आणि फ्रेंच राज्यक्रांती ऐन भरात असताना ते पुरे झाले. गोदावरीच्या कालव्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला कालवा म्हटला की शेताला पाणी सोडण्याचे आवर्तन आठवणार, हे मी जाणते. तिथला कालवा मुळात शेताला पाणी देण्यासाठी नाही, तो माल वाहणाऱ्या बोटींसाठी खोदला गेला, आणि त्या बोटी घोड्यांनी वा माणसांनी दोराने ओढत नेण्यासाठी काठालगत जी सपाट वाट ठेवली होती तीच आज सायकलींची वाट झाली आहे. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा 'युरोव्हेलो 6' हा सायकलमार्ग या कालव्याच्या काठाने जातो. बोटी ओढण्याची वाट असल्यामुळे तिला चढ असा नाहीच. जिथे लॉक, म्हणजे बोट वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद, येतो तिथे दोन-तीन मीटरचा उतार किंवा चढाव लागतो, तेवढाच.

लॉकविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या पाण्याच्या भीतीचा संबंध त्याच्याशी आहे. कालवा टेकडी चढू शकत नाही, म्हणून त्याला पायऱ्या कराव्या लागतात. प्रत्येक पायरी म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. बोट खालून आत येते, मागचे दरवाजे मिटतात, वरचे पाणी आत सोडले जाते आणि बोट हौदातल्या पाण्याबरोबर वर उचलली जाते, मग पुढचे दरवाजे उघडतात. या कालव्यावर अशी 61 लॉक आहेत. त्यांची रुंदी 5.2 मीटर आणि त्यांच्या मापाच्या जुन्या मालवाहू बार्जची रुंदी पाच मीटरहून किंचित अधिक, त्यामुळे बोटीची कड आणि दगडी भिंत यांच्यात धड वीतभरही फट उरत नाही. अशा वेळी खालच्या खोलीत बसलात तर खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकलेली, शेवाळाने हिरवी झालेली ओली भिंत दिसते आणि भरदुपारी अंधारून येते. मग ती भिंत हळूहळू खाली सरकू लागते, तिच्या वरच्या कडेचे गवत दिसते, आणि खोलीत एकदम ऊन येते. पहिल्यांदा मलाही घुसमटल्यासारखे झाले होते. म्हणून आपण लॉकच्या वेळी डेकवर यावे, विशेषतः शालोंच्या बाहेर पडताना लागणाऱ्या क्रिसेच्या लॉकमध्ये, कारण ते साडेदहा मीटरहून अधिक उंच आहे आणि त्याच्या तळाशी विहिरीत उतरल्यासारखे वाटते. पुढची सगळी त्याच्यापुढे लुटूपुटूची आहेत. बाकी कालव्याचे पाणी संथ असते, त्याला लाटा नाहीत, त्यामुळे बोट लागण्याचा प्रश्न येत नाही, आणि रात्रभर बोट काठाला बांधलेली असते. काठाच्या वाटेला कठडा मात्र नसतो. सायकल चालवताना पाण्याच्या बाजूला यजमानांना ठेवावे.

लॉकचा आणखी एक उपयोग आहे. हौद भरला की डेक काठाच्या जवळपास बरोबरीला येतो, आणि कप्तानाची हरकत नसेल तर अशा वेळी सायकलीसकट बोटीवर चढता येते. मात्र ही सवलत प्रत्येक बोटीवर नसते. आपल्या बोटीवर ती आहे का, हे मुलीने आरक्षणापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

आता सायकल. गुडघ्याबद्दल मी काही सांगणे योग्य नाही, ते अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि रोज वीस किलोमीटर सपाटीवर चालवायची आहे असे स्पष्ट सांगून विचारावे. त्यांनी होकार दिला तर निघण्यापूर्वी निदान तीन महिने आठवड्यातून चार दिवस सराव करावा. गुडघ्याइतकीच, किंबहुना अधिक, तक्रार बसण्याच्या जागेची असते आणि ती सवयीनेच जाते. बॅटरीवर चालणारी, मधला दांडा खाली असलेली, साडी नेसूनही बसता येईल अशा घडणीची सायकल मागून घ्यावी. सीटची उंची इतकी असावी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील. आपल्याकडे पाय जमिनीला पुरते टेकावेत म्हणून सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे बोलू लागतात.

एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. आपल्याकडे पुढच्या चाकाचा ब्रेक बहुधा उजव्या हाताला असतो, फ्रान्समध्ये बहुधा डाव्या हाताला. मला हे कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेत बदक आडवे आले, मी सवयीने डावा ब्रेक करकचून दाबला, आणि पुढचे चाक जागीच थांबून मी काठावरच्या खाजऱ्या झुडपात जाऊन पडले. हाताची आग संध्याकाळपर्यंत होत होती. बदक सुखरूप होते. पहिल्या दिवशी सायकल हातात आली की बोटीजवळच दहा मिनिटे दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून पाहावेत. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, हे तर कालवा सोडून गावात शिरताना प्रत्येक वेळी स्वतःला बजावावे लागते.

नणंदबाईंच्या प्रश्नाकडे येते. त्यांनी टोमणा मारला असेल, पण बरगंडीविषयी इतके नेमके वाक्य मी फार दिवसांत ऐकले नव्हते. तिकडे माती बघायलाच जातात. शान्यी आणि सांतने या गावांपासून उत्तरेला चुनखडीच्या टेकड्यांची एक लांब रांग आहे, आणि तिच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर जगातील काही सर्वांत महाग द्राक्षे पिकतात. उताराच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याशी जड आणि ओल धरणारी, मध्ये चुनखडी आणि चिकणमाती यांचे मिश्रण. त्यामुळे मधल्या पट्ट्याची वाइन सर्वांत श्रेष्ठ मानली जाते आणि मधून जाणारी एक बैलगाडीची वाट ओलांडली की किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते. अशा प्रत्येक वेगळ्या तुकड्याला तिथे 'क्लिमा' म्हणतात. 1,247 क्लिमांची नोंद आहे आणि 2015 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. द्राक्ष एकच असते, लाल वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने. बदलतो तो प्लॉट. पावसाने उतारावरून वाहून गेलेली माती पूर्वी मजूर टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकत. मध्ययुगातले मठवासी भिक्षू जमिनीचा कस ओळखण्यासाठी माती चाखून बघत, अशी दंतकथाही तिथे सांगतात.

आपल्या घरच्या माणसाला हे किती जवळचे वाटेल याची कल्पना करा. सांतने ते बोन हा सुमारे 22 किलोमीटरचा 'व्वा दे व्हीन्य', म्हणजे द्राक्षवेलींचा मार्ग, थेट बागांतून जातो आणि शासान्य-मोंराशे, पुलिन्यी-मोंराशे, मर्सो, व्होल्ने, पोमार ही गावे त्याच्यावर आहेत. तिथे मांडव नाही, इंग्रजी Y आकाराची तारबांधणी नाही. वेल जेमतेम कमरेइतका, दोन ओळींत एक मीटर, दोन वेलींत एक मीटर, म्हणजे एकरी सुमारे चार हजार वेल. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजारही भरत नाहीत. ओळींमधून ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, म्हणून उंच पायांचा ट्रॅक्टर ओळीच्या वरून, तिला दोन पायांत घेऊन चालतो. ठिबकच्या नळ्या दिसणार नाहीत. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आणि प्रत्येक वेल कलमी, अमेरिकन खुंटावरचा, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील बागांची मुळेच खाल्ली आणि त्या किडीला दाद न देणारे खुंट अमेरिकेतून आणावे लागले. आपण क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरीज हा खुंट लावतो, तोही अमेरिकन घराण्यातलाच. यजमान या गोष्टी पाहत दर शंभर पावलांवर सायकल थांबवतील, हे मी लिहून देते. आपण त्यांना मागे खेचाल ही चिंता सोडा, उलट आपल्यालाच त्यांच्यासाठी थांबावे लागेल.

भाऊहिश्शांचा विषय तर आपल्याकडच्यापेक्षाही पुढे गेलेला आहे. मोंराशे हा पांढऱ्या वाइनचा सर्वांत नावाजलेला प्लॉट वीस एकरांहून किंचित लहान आहे, दोन गावांच्या शिवारांत विभागलेला आहे, आणि त्याचे मालक पंधराहून अधिक आहेत. उत्तरेकडच्या क्लो द व्हूझो या एकाच दगडी कुंपणातल्या सुमारे 50 हेक्टरांत आज जवळपास 80 खातेदार आहेत. ती जमीन सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती भिक्षूंची होती, राज्यक्रांतीत सरकारजमा झाली आणि 1889 साली तुकड्यांनी विकली गेली. त्यातच भर म्हणून, सर्व अपत्यांना वाटा देणारा फ्रेंच वारसाकायदा. काही खातेदारांच्या वाट्याला वेलींच्या मोजक्या ओळी आहेत. सातबाऱ्यावरून कोर्टात गेलेल्या आपल्या ओळखीतल्या कोणाला ही हकीकत जरूर सांगा.

वाइन न घेण्याचा संकोच बाळगू नये. चाखण्याच्या तळघरात थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि व्यवसायातली माणसे दिवसभर चाखून थुंकतात, तेव्हा नुसता वास घेऊन पेला खाली ठेवणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. द्राक्षाचा रस मागितला तर पुष्कळ ठिकाणी मिळतो, आणि काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस या स्थानिक फळाचे सरबत पाण्यात घालून फार चांगले लागते. मात्र मागताना 'सिरो' हा शब्द वापरावा, कारण त्याच फळाचे 'क्रेम द कासिस' हे मद्य आहे. जपायला हवे ते यजमानांना. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा प्रतिलिटर 0.5 ग्रॅम असून ती सायकलस्वारालाही लागू आहे. चाखणे शक्यतो दिवसाच्या शेवटी, बोट जवळ असताना ठेवावे.

जेवणाबाबत मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगा. 'शाकाहारी' एवढा शब्द पुरत नाही. मासे नाहीत, मांसाचे पाणी घातलेले सूप नाही, अंडी चालतात की नाही, असे एकेक लिहून पाठवावे. बरगंडीच्या एपोआससारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध फाडण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, हेही आपल्याला महत्त्वाचे वाटत असेल तर आधी सांगावे. बार्जवर स्वयंपाकी एकच असतो, त्याला चार दिवस आधी कळले तर तो आनंदाने करतो आणि ताटावर बसल्यावर कळले तर उकडलेल्या भाज्या पुढे येतात. शान्यीला रविवारी सकाळी मोठा बाजार भरतो, तिथे फळे भरपूर घेऊन ठेवावीत, कारण रविवारी दुपारी आणि सोमवारी लहान गावांत दुकाने बंद असतात. घरून मेतकूट, चटणी, भाजणी न्यावी. पेढे, बर्फी, तूप असे दुधाचे काही नेऊ नये, युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून ते आणायला बंदी आहे.

महिन्याबद्दल मात्र मी यजमानांच्या विरुद्ध आहे. तोडणीच्या दिवसांत तिथल्या बागाईतदाराला पाहुण्याशी दोन शब्द बोलायला सवड नसते, आणि सप्टेंबर संपत आला की इकडे आपल्या ऑक्टोबर छाटणीची गडबड सुरू होते. ते मनाने इकडेच राहतील आणि रोज रात्री बोटीवरून गड्यांना फोन लावत बसतील. जूनचा दुसरा पंधरवडा घ्यावा. तिकडे फुलोरा संपून मिरीएवढे मणी धरलेले असतात, इकडे खरड छाटणीनंतरची पहिली धावपळ सरलेली असते, आणि संध्याकाळी साडेनऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो. कडक उन्हाळ्यात पाणी कमी पडून काही वर्षी कालवे बंद ठेवावे लागतात. तसे झाले तर काय व्यवस्था करणार, हेही आरक्षणापूर्वी विचारावे. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो, आणि त्यात बॅटरीच्या सायकलवरचा अपघात धरलेला आहे का, हे बारीक अक्षरांत पाहून घ्यावे.

राहिला यजमानांचा प्रश्न. पत्रात आपण त्यांच्या वतीने विरस होईल असे ठरवून टाकले आहे, त्यांना विचारलेले दिसत नाही. आज जेवणानंतर त्यांना एवढेच सांगा की मी येईन, रोज सकाळी दहा-पंधरा किलोमीटर तुमच्याबरोबर सायकल चालवेन, दुपारी बोटीवर बसेन, आणि तुम्ही गटाबरोबर हवे तितके लांब जा. पस्तीस वर्षे एका घरात राहिलेल्या दोघांना बोटीवरच्या इवल्याशा खोलीत सात रात्री काढायच्या आहेत, तेव्हा दुपारचे चार तास दोघे वेगवेगळे असलेले बरेच, असे माझे प्रामाणिक मत आहे. खोली मागताना तेवढे दोन स्वतंत्र पलंग आणि जिना कमी उभा असलेली बाजू मागून घ्या.

परतीच्या आदल्या रात्री त्यांची बॅग आपण स्वतः भरावी. परवान्यावाचून माती किंवा वेलीच्या काड्या भारतात आणता येत नाहीत, आणि पिनो न्वारची एखादी काडी मोज्यात गुंडाळून नेण्याचा मोह द्राक्षबागाईतदाराला होणारच नाही, याची खात्री मला तरी वाटत नाही.